फलकावरचे पहिले वर्ष

मुलाबाळांकडे अमेरिकेस जाऊन आलेली आपल्याकडील मंडळी परतल्यावर नायगऱ्याचे आणि न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचे रसभरीत वर्णन करतात. मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या, मध्य-पश्चिमेतील लहान गावांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. 'अमेरिकेला इतिहासच कुठे आहे?' हा आपला आवडता प्रश्न त्यामुळेच टिकून आहे. आयोवा राज्यातील काही गावांची ओळख करून घेतली, तर या प्रश्नाचा फेरविचार करावा लागेल.

एल्क हॉर्न हे जेमतेम सहाशे वस्तीचे गाव डॅनिश स्थलांतरितांच्या वंशजांचे. डेन्मार्कमध्ये १८४८ साली बांधलेली एक लाकडी पवनचक्की या गावकऱ्यांनी सुटी करून समुद्रापार आणवली आणि १९७६ साली, अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी वर्षात, स्वतः राबून गावात पुन्हा उभी केली. एल्डन या दुसऱ्या लहान गावात १८८१-८२ सालचे एक साधे लाकडी घर आहे. त्याच्या माळ्याची टोकदार खिडकी ग्रँट वुड या चित्रकाराने पाहिली आणि १९३० साली 'अमेरिकन गॉथिक' हे जगप्रसिद्ध चित्र जन्मास आले. ते घर आज राज्याच्या इतिहास संस्थेने जपले आहे.

विंटरसेट परिसरातील छपराचे लाकडी पूल तर चित्रपटामुळे सर्वपरिचित झाले. पुलाच्या भक्कम तुळया ऊनपावसात कुजू नयेत, हा त्या छपरामागचा व्यवहारी हेतू. मूळच्या एकोणीस पुलांपैकी सहा उरले. त्यांतील सीडर पूल २००२ साली जाळण्यात आला. तो २००४ मध्ये पुन्हा बांधला, २०१७ मध्ये पुन्हा जाळला गेला आणि २०१९ मध्ये तिसऱ्यांदा उभा राहिला. शेतीच्या यांत्रिकीकरणाने तरुण पिढी शहरांकडे गेली, शाळा एकमेकींत विलीन झाल्या, तरीही या भागातील माणसे आपल्या खुणा सोडावयास तयार नाहीत. ही निष्ठा निःसंशय आदरणीय आहे.

परंतु या कौतुकास एक दुसरी बाजू आहे. गावोगावी स्थापनेचे म्हणून जे वर्ष अभिमानाने सांगितले जाते, ते गोऱ्या वसाहतकारांच्या आगमनाचे असते. तत्पूर्वी ही भूमी काय निर्मनुष्य होती? राज्याचे नावच मुळी आयोवे या जमातीवरून आले. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर तेथील जमातींकडून करारामागून करार करून भूमी घेण्यात आली आणि १८४२ च्या करारानंतर सॉक व मेस्क्वाकी लोकांना कॅन्ससकडे जावे लागले.

मेस्क्वाकींनी मात्र हा निर्णय मनाने स्वीकारला नाही. काही जण मागेच राहिले, काही परत आले. १८५७ साली टामा काउंटीत नदीकाठची ऐंशी एकर जमीन त्यांनी पैसे मोजून विकत घेतली. जी भूमी पूर्वजांची, तीच किंमत देऊन परत मिळवावी लागली! आज ही वसाहत आठ हजार एकरांहून अधिक विस्तारली आहे, आणि तेथील वार्षिक मेळ्यात पूर्वजांची नृत्ये व गीते नव्या पिढीच्या अंगवळणी पडत आहेत. आयोवातील खरे ऐतिहासिक स्थळ निवडायचे झाले, तर प्रस्तुत लेखकाचे मत या ऐंशी एकरांच्या बाजूने पडेल.

एल्क हॉर्नच्या डॅनिश वंशजांना दूरच्या मायदेशाची खूण आणून लावावीशी वाटली. मेस्क्वाकींना मायदेशातच पाय रोवण्यासाठी झगडावे लागले. दोन्ही प्रेरणा एकाच मातीत नांदत आहेत, पण गौरव मात्र दोघींच्या वाट्यास सारखा आलेला नाही. म्हणून यापुढे अमेरिकेतील एखाद्या गावाचा इतिहासफलक वाचाल, तेव्हा पहिले वर्ष कोणते लिहिले आहे ते जरूर पाहा आणि त्याच्या आदल्या वर्षी तेथे कोण राहत होते, हेही आवर्जून विचारा.