ब्लेकची दान्ते-चित्रे : अलंकरण की अर्थनिर्णयन?

कवितेवरून काढलेले चित्र हे कवितेचे दुय्यम रूप असते, हा समज साहित्यविचारात फार सहजपणे वावरतो. कवीने बोलावे आणि चित्रकाराने ते सजवावे, एवढीच कामाची वाटणी गृहीत धरली जाते. विल्यम ब्लेकने दान्तेच्या महाकाव्यावर केलेली जलरंगचित्रे पाहिल्यावर ही वाटणी टिकत नाही. जॉन लिनेलच्या सांगण्यावरून १८२४ मध्ये आरंभलेले हे काम १८२७ मध्ये ब्लेकच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. १०२ चित्रांपैकी कित्येक पेन्सिलीच्या रेषांपाशीच थांबली आहेत.

नरकखंडाच्या पाचव्या सर्गावरील चित्र या दृष्टीने विशेष बोलके आहे. दान्तेच्या काव्यात कामासक्तांचे जीव अखंड वादळात भिरकावले जातात. तेथे प्रकाशाला मज्जावच आहे. फ्रान्चेस्का आपली आणि पावलोची कथा सांगते. लान्सलॉटची प्रेमकथा वाचता वाचता दोघांचे पहिले चुंबन घडले. (एका ग्रंथवाचनानेच येथे अनर्थ ओढवतो, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.) ते ऐकून दान्ते मूर्च्छित होतो. त्याची करुणा खरी आहे, परंतु निवाडा बदलत नाही.

ब्लेक ही सारी सामग्री स्वीकारतो: भूमीवर पडलेला दान्ते, जवळ उभा व्हर्जिल, प्रेमिकांचा लोट. मात्र त्याच्या चित्रातील भोवरा वळसा घेत वर उसळतो. आणि व्हर्जिलच्या मस्तकावर, सूर्यबिंबासारख्या तेजोवलयात, ते दोघे आलिंगनात दिसतात. जेथे कवीने प्रकाश नाकारला, नेमका तेथेच चित्रकाराने तो ठेवला आहे.

हे वलय म्हणजे मूर्च्छित दान्तेला दिसलेले स्वप्न, असा आक्षेप घेता येईल. तसे मानले तरी ते स्वप्न मूळ काव्यात नाही. ते ब्लेकने दान्तेला बहाल केले आहे. शिवाय पापाचा सूड मागणारा आणि क्षमा नाकारणारा ग्रंथ ईश्वराचा नव्हे, असे त्याने याच मालिकेतील एका चित्रावर स्वहस्ते लिहून ठेवले आहे. तेव्हा हा मतभेद जाणीवपूर्वक केलेला आहे. त्याला चित्रकाराची लहर म्हणता येत नाही.

१९१८ च्या विक्रीनंतर ही चित्रे मेलबर्न, लंडन, बर्मिंगहॅम अशी विखुरली. साहित्याच्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचतात ती बहुधा अनुवादांच्या मुखपृष्ठांवरून. वास्तविक त्यांची जागा पाचव्या सर्गावरील टीकाग्रंथांच्या रांगेत आहे.