चाप तपासल्याशिवाय रिव्हॉल्वर ताब्यात घेऊ नका

गोंदिया जिल्ह्यातील शस्त्र परवानाधारकांना आणि परवान्यासाठी अर्ज करून बसलेल्यांना जाहीर आवाहन



मी धानाचा व्यापारी. हंगामात चुकाऱ्याची रोकड घेऊन आमगाव, सालेकसा, देवरी असं फिरावं लागतं. म्हणून रीतसर परवाना काढला. पोलीस पडताळणी झाली, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलं, कचेरीचे खेटे घातले आणि नवं कोरं .३२ बोरचं रिव्हॉल्वर घेतलं. मॉडेल जुनं, पण बाजारात नव्याने आणलेलं.

सरावाच्या मैदानावर पहिल्याच दिवशी सहापैकी दोन काडतुसं फुटली नाहीत. काढून पाहिली तर काडतुसाच्या टोपीवर घोड्याचा जेमतेम ठसा, नखाने दाबल्यासारखा. चाप इतका जड की ओढता ओढता नळीचं तोंड डावीकडे कलायचं. अर्ध्यावर अडकायचा आणि मग एकदम सुटायचा. एकदा तर दाबलेला चाप परत पुढे आलाच नाही, बोटाने ढकलावा लागला. अंधाऱ्या रस्त्यावर गाडी आडवी घातली गेली असती तर हे हत्यार माझ्या काय कामाचं होतं?

कारखान्याचं नाव मी छापत नाही. माझं भांडण एका कारखान्याशी नाही, विकल्यानंतर हात झटकण्याच्या रिवाजाशी आहे.

घोडा हाताने न चढवता चाप ओढला तर एकच बोट दोन कामं करतं. घोडा मागे नेतं आणि सिलिंडर एक घर फिरवतं. त्यामुळे चाप थोडा जड असणारच, ती तक्रार नाही. घोड्याची स्प्रिंग कडक ठेवली तर टोपी नक्की फुटते पण चाप जड होतो. सैल केली तर चाप हलका होतो पण बार फुसका जातो. हा मेळ बसतो तो आतले भाग घासून, पॉलिश करून, एकमेकांत नीट बसवल्यावर. कानशीचे ओरखडे तसेच ठेवून पेटी बंद केली की गिऱ्हाइकाच्या वाट्याला दोन्ही दोष येतात. घोड्याची खाच कच्ची असेल तर चढवलेला घोडा नुसत्या धक्क्याने पडू शकतो. सिलिंडरचं घर नळीच्या बरोबर समोर आलं नाही तर शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या माणसाच्या तोंडावर येतात.

कारखान्यात चाचणी होते, मान्य. पण दाबाची चाचणी नळी आणि सिलिंडर फुटणार नाही एवढंच सांगते. चाप किती वजनाला सुटतो, हे त्या चाचणीच्या शिक्क्यावरून कळत नाही.

ऐंशीच्या दशकापासून परदेशी हत्यार सामान्य परवानाधारकाला आयात करता येत नाही. कित्येक वर्षं नवं रिव्हॉल्वर म्हणजे कानपूरचा सरकारी कारखाना, दुसरं दारच नव्हतं. २०१४ मध्ये कानपूरनेच 'निर्भीक' रिव्हॉल्वर आणलं, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. १ ऑक्टोबर २०२१ ला हे सरकारी कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या एकीकडून २०२३ मध्ये 'प्रबळ' रिव्हॉल्वर आलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं जुनं नाव उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात पुन्हा उभं राहिलं. यातलं कोणतं चांगलं, कोणतं वाईट, याचा निवाडा मी करत नाही. लाखाच्या घरात पैसे मोजणाऱ्याला एका कागदावर चापाचं वजन लिहून मिळालं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

कारण बिघाड निघाला की आपले हात बांधलेले असतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार विनापरवाना शस्त्र दुरुस्त करणं गुन्हा आहे. हे योग्यच आहे, गावच्या लोहाराने रिव्हॉल्वर उघडू नये. पण मग ते न्यायचं कुठे? परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर ते घेऊन कानपूरची गाडीही पकडता येत नाही. आणि चुकून गोळी सुटली तर पोलीस माझ्या दारात येणार. चाप कोणी बसवला होता, हे कोण विचारणार?

दुसरीकडे असं चालत नाही. अमेरिकेतल्या रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्वरची रचना सुधारली, आणि ती त्याआधी विकलेल्या जुन्या रिव्हॉल्वरनाही सुरक्षेचा नवा भाग फुकट बसवून देते. तिथल्याच रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये आठ वर्षांत बनवलेल्या काही मॉडेलच्या रायफली परत बोलावल्या, कारण जोडणीत चिकट पदार्थ जास्त पडल्याने चाप न ओढता बार उडण्याचा धोका होता. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाचा जीव काय कमी मोलाचा आहे?

कोणी म्हणेल, स्वदेशी मालाची बदनामी करता. आपला जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरची आयुध निर्माणी आपल्याला परकी नाही. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथले कामगार गेले तेव्हा आपल्याही गावांत चूल थंड होती. त्या हातांचा मान राखायचा तर तपासणीच्या टेबलावर बसलेल्याने ढिलाई करता कामा नये.

म्हणून दुकानातच बघा. रिकामं आहे याची दुकानदाराकडून खात्री करून घ्या, प्रत्येक घरावर चाप ओढा. घोडा चढवलेला असताना सिलिंडर खुळखुळतं का पाहा. चाप स्वतःहून पुढे येत नसेल तर ते हत्यार घेऊ नका. बिल आणि न फुटलेली काडतुसं जपून ठेवा, त्यांचे फोटो काढा, कारखान्याला लेखी कळवा.

दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूने आहे. तक्रार कानपुरात नाही, आपण राहतो तिथे, गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि सदोष मालामुळे इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. मुदत दोन वर्षांची आहे, ती आळसात घालवू नका. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ज्यांच्या रिव्हॉल्वरमध्ये असा दोष आहे त्यांनी या आठवड्यातच लेखी तक्रार करावी, तिची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक परवानाधारक