लहरी जनतेच्या, चाचणी कोणाची?

धावत्या आगगाडीची शिट्टी जवळ येताना चढते, दूर जाताना उतरते. रेडिओलहरींचेही तसेच होते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. गाडीचा वेग वाढला किंवा लहरींची वारंवारता वाढली, की हा फरक त्याच प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या मुंबईच्या लोकलमध्ये ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर तो फार तर ३२० हर्ट्झ भरतो. ताशी ३२० किलोमीटर वेगाच्या मुंबई-अहमदाबाद गाडीत २८ गिगाहर्ट्झवर तोच ८,३०० हर्ट्झच्या घरात जाईल.

चौथ्या व पाचव्या पिढीतील 'ओएफडीएम' पद्धत संदेश शेकडो उपवाहकांवर वाटून देते. त्यांची वारंवारता सरकली, की शेजारचे संदेश एकमेकांत मिसळतात. यावर उपाय म्हणून रॉनी हदानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली 'ओटीएफएस' पद्धत मांडली. तिच्यात संदेश विलंब आणि डॉप्लर यांच्या जाळीवर रचला जातो. लहर किती उशिरा आली व किती सरकली, हे तेथे बरेच स्थिर राहते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि दिल्लीच्या आयआयटीत या विषयावर मोलाचे संशोधन झाले आहे.

परंतु या पद्धतीत ग्राहकयंत्राची आकडेमोड वाढते, आणि ती वाढ सोसण्याजोगी आहे काय हे कागदावर ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील कृत्रिम लहरमार्गावर आणि पुढे प्रत्यक्ष घाटात, बोगद्यात, धावत्या गाडीत चाचण्या घ्याव्या लागतात. प्रश्न येथेच उभा राहतो. ज्याच्या हाती पेटंट, त्यानेच परीक्षक व्हावे, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो? हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. मग त्या लहरींवर काय चालते आणि काय फसते, हे कळण्याचा अधिकारही जनतेचाच ठरतो.

हे सारे श्रीमंतांच्या गाडीचे चोचले आहेत, असे म्हणून विषय झटकणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांचे निम्मे बरोबर आहे: लोकलमधल्या कामगाराचा फोन अडतो तो डॉप्लरमुळे क्वचितच, बहुधा एका मनोऱ्यावर पडलेल्या गर्दीमुळे. पण मानके एकदा ठरली, की त्यांतील पेटंटांचे स्वामित्वशुल्क प्रत्येक फोनच्या किमतीत शिरते, आणि ते त्या कामगारालाही चुकत नाही. म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये सहाव्या पिढीचे जे दृष्टिपत्र जाहीर केले, त्याखाली सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक चाचणीचे निष्कर्ष, फसलेल्या चाचण्यांसह, प्रसिद्ध करण्याची अट अनुदानाच्या करारातच घातली पाहिजे.