दोन एकरांचा ठराव

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावापुढे एक विषय येतो आहे. गावठाणाला लागून असलेल्या दोन एकर जिरायतीत एका बिल्डरला पंचवीस घरांची वसाहत करायची आहे आणि त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा आहे. पारावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, बाहेरची माणसं येतील आणि गाव गाव राहणार नाही. दुसरा म्हणतो, जमीन ज्याची, तो बघून घेईल. मला दोघांचंही पटत नाही.

जमीन ज्यांची आहे ते आजोबा सत्तरी ओलांडलेले. पोरं नोकरीला शहरात, रानात पावसावरची बाजरी, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. ते मला म्हणाले, "विकू नका म्हणणाऱ्यानं आधी माझा हप्ता भरावा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिवरे बाजारनं बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असं ठरवलं आणि पाळलं, हा दाखला आपल्याकडे सारखा दिला जातो. पण पोपटराव पवारांच्या त्या गावानं पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियम स्वतःला लावून घेतला, जमीन राखणं माणसाला परवडेल असं केलं. यातलं काहीच न करता आपण आजोबांना नुसती बंदी घालायची, हा अन्याय आहे.

शिवाय ग्रामसभा नाही म्हणाली म्हणून घरं थांबतीलच असं नाही. गावठाणाला लागून असलेल्या जमिनीला बहुतेक वेळा वेगळी बिगरशेती (एनए) परवानगी लागत नाही. आणि सरळ वाट बंद झाली की गुंठेवारीची वाट उघडते. रेखांकन नाही, गटार नाही, एकेक गुंठा तोंडी हद्दीवर विकायचा, सात-बारा सामायिक ठेवायचा. तालुक्याच्या गावाभोवती अशा वस्त्या आपण रोज बघतो. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, भांडण झालं की हद्द सापडत नाही, आणि शेवटी रस्ता करायची वेळ येते ग्रामपंचायतीवर. म्हणून मला मंजूर रेखांकनाची वसाहत हवी आहे, पण अटींवर. नळजोड आणि पुढं रस्ते, दिवे सांभाळणं पंचायतीच्या हातात आहे, तेवढा आपला जोर नक्कीच आहे.

पहिली अट पाण्याची. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरलेत. घरटी पाच माणसं धरली तर पंचवीस घरांना रोज सात हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल. शहरातून येणाऱ्या कुटुंबाचा हिशेब वेगळा असतो. वॉशिंग मशीन येतं, गाडी धुतली जाते, दारात बाग होते. शहरी मापानं माणशी १३५ लिटर धरले तर आकडा सतरा हजारांजवळ जातो. एप्रिल-मेमध्ये आपल्या नळाला दिवसाआड पाणी येतं, ते यात कुठून पुरणार? बिल्डर म्हणतो, बोअर घेतो. कुठं, तर ओढ्याच्या अंगाला, गावच्या पिण्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीशेजारी असं मनाला येईल तिथं बोअर मारायला भूजल कायदा परवानगी देत नाही, हे त्याला सभेतच सांगायला हवं. पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी प्रत्येक घराला हवी आणि ती नकाशात दिसायला हवी.

सांडपाण्याचंही तसंच. त्या रानाचा उतार विहिरीकडे आहे. पंचवीस संडासांचे पंचवीस शोषखड्डे तिथं झाले तर आपण आपलंच पाणी नासवू. सगळ्यांची मिळून एक पक्की सेप्टिक टाकी, विहिरीपासून लांब, आणि तिच्यापर्यंत मैला उपसणारी गाडी जाईल एवढा रस्ता, याला पर्याय नाही.

मोकळ्या जागेवर वाद घालायची गरजच नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते, म्हणजे इथं आठ गुंठे. फक्त ती ओढ्याच्या कपारीत दाखवलेली नाही ना, एवढं बघा.

मला सगळ्यात जवळची अट मात्र वेगळी आहे. गावात घरकुल मंजूर झालेली आणि जागेवाचून अडलेली कुटुंबं आहेत. पंतप्रधान आवास योजनेतून सपाट भागात घराला १ लाख २० हजार मिळतात, पण घर उभं कशावर करायचं? दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला अर्थसाहाय्य करते, पण तेवढा तुकडा विकायला कुणी तयार होत नाही. मग या दोन एकरांत तसे चार-पाच तुकडे परवडणाऱ्या दरात या कुटुंबांसाठी ठेवायला काय हरकत आहे? तेही मागच्या कोपऱ्यात नकोत, बाकीच्या घरांच्या ओळीत, रस्त्याला लागून हवेत. दुसऱ्यांच्या शेतात राबून ज्यांनी हे गाव जगवलं त्यांना गावाच्या नव्या वसाहतीत दार मिळालंच पाहिजे. बिल्डर हे आपणहून देणार नाही, ते मागावं लागेल.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावात आधी अभ्यासगट बसतो, माहिती काढतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. आपल्याला एकमत जमेल की नाही, सांगता येत नाही. पण रेखांकनाचा नकाशा सभेआधी आठ दिवस पंचायतीच्या भिंतीवर लावा, एवढं तर सरपंचांना करता येईल. नकाशा न बघता हात वर करू नका.

ग्रामसभेआधी महिला सभा होते. हंडा ज्यांच्या डोक्यावर येतो त्यांनी पाण्याचा प्रश्न तिथं पहिल्यांदा मांडावा आणि त्याचा ठराव लिहून घ्यावा. आणि १५ तारखेला सगळ्यांनी या. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथं दहा माणसांनी केलेला ठरावही गावाचाच धरला जातो.