खापर समुद्राच्या माथी

खिडक्या बसवून चार पावसाळे झाले आणि आमच्या सोसायटीच्या ब्रॉन्झ रंगाच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनांवर पांढरे फोड उमटले. कंत्राटदार आला, गच्चीच्या कठड्याशी उभा राहिला, माहीमच्या समुद्राकडे हात करून म्हणाला, "काका, खारी हवा. तिला कोण काय करणार?" कमिटीने माना डोलावल्या.

मी नाही डोलावली. खाऱ्या पाण्याशी टक्कर घ्यायलाच तर अ‍ॅनोडायझिंग जन्माला आलं! 1923 साली इंग्लंडात बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी ते वापरात आणलं, तेच मुळी समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचा ड्युरालुमिन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच मिश्रधातू, टिकावा म्हणून. त्यांचं अ‍ॅसिड क्रोमिक, आपल्या खिडक्यांचं सल्फ्युरिक, काम तेच. आणि इथे चार पावसाळ्यांत समुद्र गुन्हेगार?

अ‍ॅनोडायझिंग हा मुळात वरून फासायचा रंग नव्हे. सेक्शन अ‍ॅसिडच्या टाकीत सोडून वीज दिली की धातू स्वतःच्याच अंगातून ऑक्साइडचं कवच काढतो. माणकाचं आणि नीलमाचं मूळ द्रव्य हेच. पण कवच असतं सच्छिद्र, पोळ्यासारखं. कथलाच्या क्षारांतलं कथील त्या छिद्रांच्या तळाशी बसवलं की ब्रॉन्झ रंग येतो. मग जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रं मिटवायची. याला सीलिंग म्हणतात. कवचाच्या दर मायक्रॉन जाडीमागे दोन-तीन मिनिटं धरा. 25 मायक्रॉनला तास सहज जातो. तासभर इंधन जळतं, टाकी अडते, आणि बाहेर आलेला माल कच्चा की पक्का हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हात मारायला याहून सोयीची जागा कोणती?

जाडीचं म्हणाल, तर भारतीय मानक क्र. 1868 मध्ये ती ग्रेडच्या नावातच आहे: एसी 15, एसी 20, एसी 25. समुद्राकाठी 25 मागावी. आमच्या कोटेशनात होतं, 'अ‍ॅनोडाइज्ड, बेस्ट क्वालिटी'. बेस्ट म्हणजे किती मायक्रॉन? मी मीटरवाल्याला बोलावून मोजून घेतलं. कुठे सात, कुठे आठ, एका कोपऱ्यात नऊ. सीलिंगसाठी रंगाच्या थेंबाची चाचणी असते. पुसल्यावर डाग राहिला की छिद्रं उघडी. आमच्याकडे डाग राहिला, गडद. कंत्राटदाराचं उत्तर तयार होतं: "एवढं कोण मोजतं, काका?"

खरं बोलला तो. आम्ही कुठे मोजलं होतं? उलट गिलावा करताना चौकटींवर साधी टेप लावायची तसदीही कुणी घेतली नाही. ओलं सिमेंट तसंच वाळलं. त्यातल्या अल्कलीने कवच खाल्लं. उरलेलं आमच्याच एका शेजाऱ्यांनी फरशी धुवायच्या अ‍ॅसिडने 'चकाचक' केलं. अ‍ॅल्युमिनियमला आम्लही बाधतं आणि अल्कलीही. त्याला हवा सौम्य साबण आणि मऊ फडकं. पण साबणाने चकाचक होत नाही ना!

परवाच्या मीटिंगला नवीन कोटेशन आलं, सोबत रंगांचं कार्ड. ब्रॉन्झ की शॅम्पेन यावर पाऊण तास रण माजलं. मी मध्येच मायक्रॉन विचारले. सेक्रेटरी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते मागाहून बघू हो. आधी रंग तर ठरू दे."