हबलची प्रयोगवही आणि आपली प्रयोगवही



अवकाश दुर्बीण म्हटलं की वर्गात आपण काय करतो? प्रोजेक्टर लावतो, नाहीतर मोबाइल फिरवतो, आणि रंगीबेरंगी तेजोमेघांचे फोटो दाखवतो. मुलं खूश होतात. आपण दोन-चार आकडे सांगतो आणि तास संपतो. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. आता मात्र माझं स्पष्ट मत झालंय, की आपण मुलांना दुर्बिणीचं चित्र दाखवतो, तिचं काम दाखवत नाही. आणि शिकण्यासारखं खरं तर त्या कामातच आहे.

हे मत का झालं, ते आधी सांगतो. त्यात माझीच चूक आहे.

काही वर्षांपूर्वी मी घाटमाथ्यावरच्या एका शाळेत होतो. गाव समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचीवर. पाण्याच्या उत्कलनबिंदूचा प्रयोग चालू होता. एका मुलीने वहीत लिहिलं, ९६ अंश सेल्सिअस. मी म्हटलं, "अगं, पुस्तकात काय दिलंय? शंभर. खोड ते." तिने दोनदा थर्मामीटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, खोडरबर घेतलं आणि १०० लिहिलं. मी सही केली.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं. हे मी स्वतः शिकवत होतो! त्या उंचीवर ९६-९७ अंश हेच अपेक्षित होतं. अर्थात, तो थर्मामीटरही बिघडलेला असू शकतो. पण ते तपासायचं सोडून मी आकडाच पुसायला लावला. त्या दिवशी त्या मुलीने उत्कलनबिंदू शिकला नाही. तिने शिकलं, की डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नसतं.

आता हबल दुर्बिणीकडे वळू.

दुर्बिणीचा दिवस कसा जातो?

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेली. पृथ्वीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून ती साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारते, म्हणजे दिवसाला पंधरा फेऱ्या. प्रत्येक फेरीत तिच्यासाठी एक दिवस आणि एक रात्र. उजेडात सौर पट्ट्यांवर विजेऱ्या भरायच्या आणि अंधारात त्या वापरायच्या.

वाटतं, वर काय, मोकळं आकाशच आहे, हवं तिकडे बघावं. तसं नाही. इतक्या जवळून पृथ्वी जवळजवळ अर्धं आकाश अडवते. त्यामुळे एखादा तारा अर्धी फेरी दिसतो आणि मग पृथ्वीआड जातो. सूर्यापासून ५० अंशांच्या आत सहसा बघायचं नाही, म्हणून बुध ग्रह हबलच्या वाट्याला येत नाही. दक्षिण अटलांटिक महासागरावर एक पट्टा असा आहे, की तिथे वेगवान विद्युतभारित कणांचा मारा वाढतो. दुर्बीण तिथून जाते तेव्हा निरीक्षण थांबवावं लागतं.

या सगळ्यातून वाट काढत अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथल्या संस्थेत आठवड्याचं वेळापत्रक बनतं. कोणता तारा, कोणतं उपकरण, कोणती गाळणी, किती मिनिटं, सगळं आधी ठरलेलं. आपल्याला शाळेचं वेळापत्रक बसवताना घाम फुटतो, तर यांचं काय होत असेल! शिवाय मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट. जगभरातून प्रस्ताव येतात आणि बहुतेकांना नकार मिळतो. २०१८ पासून तर परीक्षकांना प्रस्ताव कोणाचा आहे हेही कळू देत नाहीत.

वळायला दुर्बिणीला इंधन लागत नाही. आत जड चाकं फिरतात. चाक एकीकडे फिरलं की दुर्बीण उलटीकडे वळते. किती वेगाने? घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या वेगाने! ९० अंश वळायला १५ मिनिटं. हे मुलांना भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून सांगा, पुन्हा विसरणार नाहीत. वळून झालं की ती मार्गदर्शक ताऱ्यांवर नजर रोखते आणि ०.००७ विकलांपर्यंत स्थिर राहते. मी हिशोब करून पाहिला. मुंबईत उभं राहून नागपुरात ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, अंदाजे तेवढाच हा कोन.

आणि एवढं करून फोटो येतो तो काळा-पांढरा! वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेले असे फोटो एकत्र करून रंग नंतर पृथ्वीवर दिले जातात.

झाकण बंद ठेवून घेतलेले फोटो

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. हबलचे कॅमेरे नियमितपणे झाकण बंद ठेवून फोटो घेतात. म्हणजे अंधाराचे फोटो. कशासाठी? तर बाहेरून काहीच उजेड आला नाही तरी कॅमेरा काय "दिसलं" म्हणतो, ते नोंदवायचं. उष्णतेमुळे आणि काही बिघडलेल्या बिंदूंमुळे अंधारातही आकडे येतातच. ते मोजून खऱ्या फोटोतून वजा करायचे.

तेवढ्यावर भागत नाही. एकाच जागेचे दोन-तीन फोटो घ्यायचे, कारण अवकाशातले कण आदळून फोटोवर रेघोट्या उमटतात. जी रेघ एकाच फोटोत आहे ती ताऱ्याची नाही. ज्यांची चमक पक्की माहीत आहे अशा ठराविक ताऱ्यांकडे पुन्हा पुन्हा बघायचं आणि आपलं उपकरण आज बरोबर सांगतंय ना, हे ताडून घ्यायचं. दर महिन्याला शोधक थोडे गरम करायचे, म्हणजे बिघडलेले बरेच बिंदू सुधारतात.

वर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी आपण फळ्यावर शिकवतो ना? हे तेच आहे. फरक एवढाच, की तिथे ते काम वर्षानुवर्षं नेमाने चालतं. आपल्याकडे बहुतेक वेळा वहीत "शून्य त्रुटी = ०" असं छापल्यासारखं लिहिलेलं असतं, मोजलेलं नसतं.

न पटलेला आकडा

हबल वर गेली आणि पहिलेच फोटो धूसर आले. मोठी नाचक्की झाली. चौकशीत कळलं, की २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड ठरल्यापेक्षा साधारण २ मायक्रोमीटरने जास्त सपाट घासली गेली होती. म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग. आरसा तपासणाऱ्या मुख्य उपकरणात एक भिंग १.३ मिलीमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या उपकरणाबरहुकूम अगदी अचूक घासला गेला!

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी काहीतरी चुकतंय हे आधीच दाखवलं होतं. ती उपकरणं कमी अचूक, मुख्य उपकरण जास्त भरवशाचं, असं म्हणून ते आकडे बाजूला ठेवले गेले.

हे वाचलं तेव्हा मला ते ९६ अंश आठवले. तिथेही कोणीतरी म्हटलंच असणार, "पुस्तकात काय दिलंय?"

डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन पाच वेळा यानाबाहेर पडून काम केलं आणि दुर्बिणीला जणू चष्मा बसवला. तो बसवता आला, कारण चूक नेमकी केवढी आणि कशी आहे हे मोजून झालं होतं. मोजलेली चूक दुरुस्त होते. लपवलेली नाही.

अलीकडचं उदाहरण घ्या. दुर्बीण किती वळतेय हे सांगणाऱ्या जायरोस्कोपपैकी एक २०२४ मध्ये चुकीचे आकडे देऊ लागला. दुर्बीण स्थिर असली तरी तो म्हणे, जोरात वळतेय. दुर्बीण निरीक्षणं थांबवून सुरक्षित स्थितीत गेली. शेवटी जून २०२४ पासून एकाच जायरोस्कोपवर काम सुरू झालं आणि दुसरा चांगला राखून ठेवला. आठवड्याला ८५ फेऱ्यांचं काम होत होतं ते साधारण ७४ वर येणार, हे नासाने उघड सांगितलं. काम कमी झालं तरी चालेल, खोटा आकडा नको.

पुसलं नाही म्हणून सापडलं

हबलने पाठवलेली मूळ नोंद कोणी पुसत नाही. दुरुस्ती वेगळी, मूळ वेगळं, दोन्ही जपतात. काही महिन्यांनी ती माहिती सगळ्यांसाठी खुली होते. त्याचा फायदा बघा. महाश्व तारकासमूहात, सुमारे १३० प्रकाशवर्षांवर, एचआर ८७९९ नावाचा तारा आहे. २००८ मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींनी त्याच्याभोवतीच्या ग्रहांचे फोटो मिळवले. मग २००९ मध्ये संशोधकांनी हबलचे १९९८ चे जुने फोटो नव्या पद्धतीने तपासले. त्यातला एक ग्रह तिथे होताच! दहा वर्षं तो साठ्यात पडून होता, कोणाला दिसला नव्हता.

ती मूळ नोंद कोणी "स्वच्छ" करून ठेवली असती तर?

आपल्याकडेही असं काम चालतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेच्या उपकरणांत पुण्याच्या आयुका आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा हात आहे. मुलांना जरूर सांगा, हे काम करणारी माणसं आपल्या आसपास राहतात.

मग आपण काय करायचं?

शिक्षकांनो, अवकाश दुर्बिणीचा पाठ घेताना एक फोटो कमी दाखवा आणि झाकण बंद ठेवून घेतलेल्या फोटोची गोष्ट सांगा. मग प्रयोगशाळेत तीन साध्या गोष्टी करून बघा.

१. प्रयोगाआधी उपकरण तपासायचं. थर्मामीटर आधी वितळत्या बर्फात बुडवा, शून्य दाखवतो का बघा. जो फरक येईल तो वहीत लिहा.

२. एकच मापन तीन मुलांनी वेगवेगळं घ्यायचं, एकमेकांचं न बघता.

३. प्रयोगवहीत खोडरबर बंद. चुकलंय असं वाटलं तर आकड्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचं.

गुण देताना "उत्तर पुस्तकाशी जुळलं का" हे बघू नका. "न जुळल्यावर मुलाने काय केलं" हे बघा. अभ्यासक्रम संपवायचा असतो, परीक्षा असते, वर्गात साठ मुलं असतात, सगळं मान्य. मीही त्याच वर्गात उभा असतो. पण तीन प्रयोग खरे झाले तरी ते छापील दहा प्रयोगांपेक्षा जास्त शिकवतात, असं मला अनुभवाने वाटतं.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. रोज एकाच वेळी काठीची सावली मोजायचा प्रकल्प असतो, चार दिवस राहून जातात, आणि आदल्या रात्री आपण म्हणतो, "घाल अंदाजाने." नका म्हणू. त्या चार दिवसांपुढे "ढग होते" किंवा "विसरलो" असं लिहू द्या. हबलच्या नोंदींतही न झालेल्या निरीक्षणांच्या जागा रिकाम्या असतात.

त्या मुलीची वही आता कुठे असेल कोण जाणे. त्यावर माझी लाल सही आहे आणि सहीखाली शंभर आहे. तिला भेटलो तर आधी माफी मागेन, आणि मग विचारेन, तो थर्मामीटर बर्फात किती दाखवत होता गं?

तुमच्या वर्गात असा न जुळलेला आकडा आला होता का? तुम्ही त्याचं काय केलंत, जरूर कळवा.