चौकातली तोफ आणि आपला हिशोब

ऑपरेशन सिंदूरनंतर महाराष्ट्रातल्या देखाव्यांचे रूप बदलले. २०२५ च्या गणेशोत्सवात गावोगावी क्षेपणास्त्रे, लढाऊ विमाने, रणगाडे आणि तोफा उभ्या राहिल्या. नाशिक जिल्ह्यात तोफेचे आकर्षण तसे जुनेच आहे. देवळालीला तोफखाना प्रशिक्षण संस्था, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा कोणी ना कोणी माणूस तिथे जवान, कामगार किंवा ठेकेदाराच्या हाताखाली राबलेला आहे. त्यातच जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले आणि त्या यादीत सटाणा तालुक्यातला साल्हेर आला. उद्या सटाण्याच्या चौकात तोफेची भव्य प्रतिकृती उभी राहिली तर नवल वाटायला नको. आणि ती उभारणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांत आपल्या वस्तीतले हातही असणारच.

म्हणून आम्हाला हा विषय घ्यावासा वाटला. "बौद्धांनी तोफ कशाला मिरवायची?" असे एका वाक्यात झटकून टाकता येते. "सैनिकांचा अभिमान नाही का?" असे म्हणून समोरच्याला एका वाक्यात गप्पही करता येते. दोन्हींत विचार नाही. तोफेशी आपला संबंध इतिहासाचा आहे, पोटाचा आहे आणि धम्माचाही आहे. तिन्ही बाजू नीट पाहू.

प्रतिकृती म्हणजे नेमके काय

आधी वस्तू समजून घेऊ. तोफेची ओळख दोन आकड्यांत असते. १५५ मिलिमीटर हा नळीच्या तोंडाचा व्यास. त्यापुढचा ३९, ४५ किंवा ५२ 'कॅलिबर' हा आकडा नळीची लांबी सांगतो, म्हणजे नळी व्यासाच्या किती पट लांब आहे ते. बोफोर्स ३९ कॅलिबरची, म्हणजे नळी साधारण ६ मीटर. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनणारी धनुष ४५ कॅलिबरची, नळी जवळपास ७ मीटर. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेली अटॅग्ज ५२ कॅलिबरची, नळी ८ मीटरच्या वर. कोणी 'हुबेहूब' प्रतिकृती म्हणत असेल तर आधी टेप लावून नळी मोजा. सातवीतला मुलगाही हा गुणाकार करू शकतो.

तालुक्याच्या गावात अशी प्रतिकृती बनते ती लोखंडी अँगल आणि पाइपचा सांगाडा, त्यावर प्लायवूड किंवा पत्रा, नळीला पीव्हीसी पाइप, वर प्रायमर आणि हिरवा रंग, खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाके, या साहित्यातून. ७ मीटरची नळी पुढे झुकते, म्हणून मागे वजन द्यावे लागते. खऱ्या तोफेला मागे फाकणारे दोन पाय असतात, ते जमिनीत रुततात आणि धक्का झेलतात. प्रतिकृतीत हे पाय नुसते शोभेचे ठेवले तर मिरवणुकीत ती कलंडू शकते. हे कसब आहे. ते करणारा फॅब्रिकेटर गावात 'वेल्डिंगवाला' म्हणूनच ओळखला जातो आणि फलकावर नाव येते ते वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्याचे.

एक सूचना इथेच करून टाकतो. नळी वर करून मिरवणूक काढताना विजेच्या तारा बघा. आणि नळीत फटाके किंवा कार्बाइड घालून 'बार' काढण्याचा मोह आवरा. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळ परिसरात कार्बाइड गनमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या.

तोफेपासून कोणाला दूर ठेवले

साल्हेरची लढाई १६७२ ची. मोगलांशी मोकळ्या मैदानात झालेल्या या लढाईत मराठ्यांचा विजय झाला. तिथे सूर्यराव काकडे पडले ते जंबुऱ्याचा, म्हणजे लहान तोफेचा गोळा लागून, असे सभासदाची बखर सांगते. शेजारच्या मुल्हेरवरच्या तोफांची नोंद इंग्रजी गॅझेटिअरात आहे. या मातीला तोफ नवी नाही.

पण तोफेच्या इतिहासात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी धडा घेतला आणि डोंगरी बॅटऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर तोफखाना हिंदी माणसाच्या हाती ठेवला नाही. बंदूक दिली, तोफ दिली नाही. हिंदी अधिकारी आणि जवानांची पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहायला १९३५ साल उजाडले. कारण उघड आहे. तोफ चालवायला नुसते बळ पुरत नाही. अंतर, कोन, वारा, हवेचे तापमान, दारूचे माप यांचा हिशोब लागतो. हा हिशोब ज्याला येतो त्याच्या हाती सत्ता जाते, हे राज्यकर्ते जाणून होते.

आपल्या पूर्वजांना तर पुढे बंदुकीपासूनही दूर केले गेले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या तुकडीकडे दोन तोफा होत्या. त्यातली एक पेशव्यांच्या सैन्याने काबीज केली आणि ती हातघाईच्या लढाईत परत मिळवली गेली. विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' शेवट असलेली २२ नावे आपण दरवर्षी वाचतो. त्याच समाजाची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा प्रश्न सोडला नाही आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजींच्या मुलासाठी लष्कर हा नुसत्या अभिमानाचा विषय नव्हता. लष्करी छावणीत शाळा होती, पगार होता, पेन्शन होते. गावगाड्याच्या बाहेर पडायची ती वाट होती.

आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत कोरेगावच्या स्तंभाची प्रतिकृती असते. स्तंभ आणि तोफ यांत फरक एवढाच की स्तंभावर नावे असतात. तोफेवर कोणाचेच नाव नसते. ती कोणी चालवली, कोणी बनवली, तिच्यामुळे कोण मेले हे प्रतिकृती सांगत नाही. ते सांगायचे काम ती उभारणाऱ्याचे.

खरी तोफ कोण बनवते, कोण चालवते

आता आजचा प्रश्न. १९८६ मध्ये स्वीडनकडून ४१० बोफोर्स घेण्याचा करार झाला. त्याचा घोटाळा गाजला आणि पुढे अनेक वर्षे लष्कराला नवी मोठी तोफ मिळाली नाही. कारगिलमध्ये १९९९ ला हीच बोफोर्स कामी आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल झाल्या, तो सोहळा आपल्याच देवळालीत झाला. २०१९ मध्ये धनुष आली. मार्च २०२५ मध्ये ३०७ अटॅग्ज तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. त्यातला मोठा हिस्सा भारत फोर्जला, उरलेला टाटा समूहाच्या कंपनीला.

हा क्रम नीट वाचा. धनुष सरकारी कारखान्यात बनते, वज्र एल अँड टीने हजिऱ्याला बांधली, अटॅग्जचे संशोधन सरकारी प्रयोगशाळेत झाले पण उत्पादन खासगी कंपन्यांकडे गेले. दरम्यान १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या गेल्या. त्या सरकारी मालकीच्या आहेत, पण दारूगोळा कारखान्यांत आता मुदतीच्या करारावर भरती होते आहे.

याचा आपल्याशी संबंध काय? खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, चांदा, वरणगाव, भुसावळ. या आयुध निर्माणींच्या वसाहतींनी महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाच्या किमान दोन पिढ्या उभ्या केल्या. पक्की नोकरी, क्वार्टर, मुलांना शाळा. आरक्षणामुळे त्या दारातून आत जाता आले. खासगी कारखान्यात आरक्षण नाही. म्हणजे तोफ 'स्वदेशी' होत चालली आहे, आणि ती बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात आपल्या आयटीआय झालेल्या पोराचा घटनात्मक हक्क मात्र संपतो आहे. संशोधनाला पैसा जनतेचा, गिऱ्हाईक सरकार, मग नोकरीत सामाजिक न्यायाची अट का नको? चौकातल्या तोफेसमोर सेल्फी काढणाऱ्या तरुणाने हा प्रश्न विचारला पाहिजे.

चालवणाऱ्यांचे पाहू. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करणार, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही. ज्या पेन्शनवर सैनिकाच्या मुलांचे शिक्षण झाले, तीच यातून वगळली. १० ऑक्टोबर २०२४ ला देवळालीत फील्ड गनच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. एक २० वर्षांचा, दुसरा २१ वर्षांचा. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले. तोफेची किंमत कोटींत सांगितली जाते. तिच्या मागेपुढे उभ्या असलेल्या माणसांची किंमत देखाव्यात कुठेच दिसत नाही.

धम्म काय सांगतो

इथे सोपे उत्तर नाही, आणि आम्ही ते देण्याचा आव आणणार नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. मग आयुध निर्माणीत फिटर असलेला उपासक सम्यक आजीविकेच्या बाहेर गेला का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा विचार करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विवेक करू देते. हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांतले अंतर ते स्पष्ट करतात. सिंह सेनापती बुद्धांकडे आला तेव्हा त्याला सेनापतिपद सोडून ये असे सांगितले गेले नाही. आणि याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ती देहूरोडला, लष्करी डेपोंच्या गावात, त्या डेपोंत राबणाऱ्या कामगारांच्या वस्तीत. धम्माने कामगाराला दारात अडवले नाही. व्यापार करणारा आणि पोटासाठी राबणारा यांत फरक आहे.

पण या विवेकाची दुसरी बाजूही आहे. गरज म्हणून शस्त्र बाळगणे वेगळे आणि शस्त्राचा उत्सव करणे वेगळे. संरक्षणाची सोय मान्य करणारा धम्म मारण्याची हौस मान्य करत नाही. मे २०२५ मध्ये पूंछवर पाकिस्तानी तोफगोळे पडले तेव्हा घरातली माणसे, लहान मुले मेली. गोळा डागणाऱ्याला ती दिसली नव्हती. तोफ हे न दिसणाऱ्या माणसाला मारणारे यंत्र आहे. सम्राट अशोकाने कलिंगच्या युद्धातल्या मृतांचा आणि विस्थापितांचा आकडा स्वतःच्या शिलालेखात कोरला. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाची किंमत अशी जाहीर लिहावी, याचे दुसरे उदाहरण इतिहासात सापडणे कठीण. आपल्याला वारसा निवडायचा असेल तर तो हा आहे.

मग करायचे काय

सटाणा असो, मालेगाव असो की मनमाड, तोफेची प्रतिकृती उभी राहिली तर तिच्यावर बहिष्कार टाकत बसण्यात अर्थ नाही आणि तिच्यापुढे नुसते नाचण्यातही नाही. कार्यकर्त्यांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रतिकृतीशेजारी माहितीचा फलक लावा. नळीची लांबी, कोन आणि पल्ल्याचे गणित, आणि सोबत देवळाली, भंडारा, पूंछ इथली जीवितहानी. मुले गणितही शिकतील आणि माणूसही विसरणार नाहीत.

दुसरी, फलकावर बनवणाऱ्या कारागिरांची नावे लिहा. वर्गणीदारांची नावे त्यांच्या खाली.

तिसरी, तिथेच एक टेबल मांडा. अग्निवीर भरतीच्या अटी, आयुध निर्माणींतल्या ॲप्रेंटिसच्या जागा, आयटीआय आणि डिप्लोमाच्या शिष्यवृत्त्या यांची खरी माहिती द्या. चार वर्षांनंतर काय, हा प्रश्न मुलांना आणि त्यांच्या आईबापांना सही करण्याआधी विचारायला लावा. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस चार वर्षे पूर्ण करते आहे. ही मुले गावात परत येतील तेव्हा त्यांना उभे करायची जबाबदारी समाजाचीही आहे.

चौथी, संरक्षण उत्पादनाचे सरकारी कंत्राट घेणाऱ्या खासगी कंपन्यांना नोकरभरतीत सामाजिक प्रतिनिधित्व बंधनकारक करावे, ही मागणी तालुक्याच्या निवेदनापासून संसदेपर्यंत न्या. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक निवेदनाची पोच घ्या आणि खासदारांना त्यावर लेखी उत्तर मागा.

प्लायवूडची तोफ मिरवणुकीनंतर मोडीत निघते. लोखंड भंगारात जाते, चाके ट्रॉलीला परत लागतात. तिच्या निमित्ताने वस्तीतल्या चार मुलांना तोफेचे गणित समजले, दोघांना हक्काच्या जागेचा अर्ज भरता आला आणि एखाद्याने कलिंगचा शिलालेख वाचला, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.